जांभळाला जोड कोकमाची

जांभळाची वाइन म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, “म्हणजे ते खोकल्याच्या औषधासारखं लागतं तेच ना?” यावर मी आता वाद घालत नाही. फळांची बरीचशी वाइन खरोखरच तशी लागते. पहिला घोट गोड, मागून जिभेला तुरट ओढ, आणि वास फळाचा कमी, पाकाचा जास्त. दोष जांभळाचा नाही, करणाऱ्याचा आहे. जांभळाकडून आपण ते मागतो जे त्याच्यापाशी नाही, आणि मग उरलेली जागा साखरेने भरून काढतो.

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या परवानाधारक वायनरीत मी सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. म्हणजे यीस्ट सांभाळते, टाक्यांचे नमुने काढते, आणि बाटलीत काय जाणार यावरून विक्रीवाल्यांशी भांडते. (परवानाधारक हा शब्द मुद्दाम लिहिला. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे विनापरवाना वाइन करता येत नाही, त्यामुळे हा लेख वाचून कुणी माळ्यावरची बरणी काढू नये.)

आधी द्राक्षाबद्दल बोलायला हवं, कारण वाइनची सगळी गणितं द्राक्षावरून बसवलेली आहेत. वाइनचं पिकलेलं द्राक्ष 22 ते 24 ब्रिक्स (शंभर ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर) गोड असतं, म्हणजे वरून साखर न घालता 12-13 टक्के अल्कोहोल सहज मिळतं. सालीत आणि बीत टॅनिन असतं. रसात यीस्टला पुरेल इतकं नत्र बहुधा असतंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टार्टारिक आम्ल. हे आम्ल सूक्ष्मजीव सहसा खात नाहीत, त्यामुळे वाइन वर्षभर मुरली तरी तिचा आंबट कणा शाबूत राहतो. आपल्या स्वयंपाकघरात हे आम्ल भरपूर असलेलं एकच फळ आहे, चिंच. बाकीच्या फळांत ते नावापुरतं किंवा नाहीच.

आता जांभूळ. बारा ब्रिक्सच्या आसपास गोडी. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल मिळतं, या हिशेबाने नुसत्या जांभळाच्या रसाची वाइन 6-7 टक्क्यांवर थांबेल. एवढ्या सौम्य वाइनला टिकाऊपणा नसतो. म्हणून साखर घालावीच लागते. शंभर लिटर रस 12 वरून 22 ब्रिक्सवर न्यायचा तर 13-14 किलो साखर पडते. आम्ल आहे, पण ते मुख्यतः मॅलिक, आणि मॅलिक आम्लावर लॅक्टिक बॅक्टेरियांचा डोळा असतो. ते त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल करून टाकतात, पीएच वर चढतो आणि वाइन ढिली पडते. नत्र कमी. टॅनिन मात्र भरपूर, जीभ जांभळी आणि कोरडी करणारं. बी रगडली गेली तर त्यात कडवटपणाची भर, म्हणून गर काढायच्या यंत्राचे रबरी पॅडल सैल ठेवावे लागतात.

तुरटपणावर लोक सोपा उपाय करतात. पाणी घालतात. तुरटपणा कमी होतो हे खरं, पण त्याबरोबर वास, रंग, आम्ल आणि आधीच तुटपुंजं असलेलं नत्र हे सगळंच पातळ होतं. त्यात मग आणखी साखर, वरून सायट्रिक आम्ल. खोकल्याचं औषध जन्माला येतं ते इथे.

यावर माझ्या मते दोनच प्रामाणिक उपाय आहेत. एक, टाकीत एकाऐवजी दोन प्रकारचं यीस्ट कामाला लावणं. दोन, एका फळाची उणीव दुसऱ्या फळाने भरून काढणं.

यीस्टची गोष्ट थोडी मागून सांगते. रस आंबतो तो जिवंत पेशींमुळे, हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. पण टाकीत नेमक्या कोणत्या पेशी आहेत यावर ताबा कुणाचाच नव्हता. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरलं. ते तंत्र कार्ल्सबर्गने कुलूपबंद ठेवलं नाही, इतर बिअरवाल्यांनाही दिलं. पुढे वाइनवाल्यांनी तेच उचललं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुक्या यीस्टची पाकिटं आली. पाकीट कोमट पाण्यात भिजवायचं, टाकीत सोडायचं, आठ-दहा दिवसांत काम फत्ते. पाकिटातला कामगार बहुतेक वेळा एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पावात तोच, बऱ्याच बिअरमध्येही तोच. कष्टाळू आहे, भरपूर अल्कोहोल सोसतो, साखरेचा कण उरू देत नाही. फक्त त्याला एकट्याला सोडलं की प्रत्येक फळ थोडंफार सारखंच लागायला लागतं.

निसर्गात तो एकटा नसतो. किंबहुना फळाच्या सालीवर तो शोधून काढावा लागतो इतका कमी असतो. तिथे गर्दी असते ती हॅन्सेनियास्पोरा, मेट्श्निकोविया, पिचिया अशा जातींची. आमच्या शेजारी गोव्यात फेणी होते ती याच गर्दीच्या भरवशावर. काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवून काढलेला रस तीनेक दिवस ठेवला की बाहेरचं यीस्ट न घालता तो आपोआप फसफसतो. मग भट्टी लागते, पहिल्या धारेचं हुर्राक आणि ते पुन्हा गाळलं की फेणी. म्हणजे मिश्र किण्वन आपल्या मातीत जुनंच आहे. पण फेणी गाळली जाते. आंबताना काही वेडंवाकडं झालं तर निदान थोडं तरी निस्तरता येतं. वाइन गाळून पुन्हा निर्मळ करता येत नाही, टाकीत जे झालं ते पेल्यात येतं. म्हणून वाइनला रानटी गर्दी चालत नाही, निवडलेली जोडी लागते.

गर्दी बिघडते कशी याचा वास मला नेहमी आमच्या टाकीवरच्या मामांकडून कळतो. त्यांचं नाक माझ्या यंत्रांच्या एक दिवस पुढे असतं. जूनमध्ये पाऊस लागला की जांभळं फुटकी येतात. एखादं क्रेट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं की मामा येऊन सांगतात, “मॅडम, दोन नंबरात नखरंगासारखो वास येता.” तो इथाइल अॅसिटेटचा वास. अगदी थोडा असेल तर फळाचा वास खुलतो, पण लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे गेला की वाइन नखं रंगवायलाच बरी. हे काम बहुतेक वेळा हॅन्सेनियास्पोराचं असतं. फुटक्या सालीतून रस मिळाला की तासागणिक त्याची प्रजा वाढते. म्हणून आमच्याकडे नियम साधा आहे. फुटकं फळ बाजूला, उरलेलं त्याच दिवशी गर होऊन थंड टाकीत, आणि निवडलेलं यीस्ट त्याच रात्री.

निवडलेलं म्हणजे कोणतं, हे फळात काय कमी आहे त्यावर ठरतं.

जांभळासाठी मला तोरुलास्पोरा डेलब्रुएकी आवडतं. गोड रसात घातलं तरी ते व्हिनेगरचं आम्ल फारसं करत नाही. साखर घालून 22 ब्रिक्सवर नेलेल्या रसात सॅकरोमायसिसला जो ताण येतो आणि त्यातून जो आंबूस उग्रपणा येतो, तो यात कमी असतो. शिवाय तोंडात वाइन जरा भरीव लागते, तुरटपणाच्या कडा बोथट होतात. काजू-बोंडासारखा रस, जिथे पीएच चारच्याही वर असू शकतो, तिथे लॅचान्सिया थर्मोटॉलरन्स कामाचं. ते थोडी साखर अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्लाकडे वळवतं. म्हणजे बाहेरून आम्लाची पूड न टाकता रस स्वतःच आंबट होतो, तोही दह्याच्या अंगाने, लिंबाच्या अंगाने नाही. उलट आम्ल जास्त असलेल्या फळाला शिझोसॅकरोमायसिस पोम्बे. मूळचं आफ्रिकेतल्या बाजरीसारख्या धान्याच्या बिअरमधलं हे यीस्ट मॅलिक आम्ल सरळ खाऊन टाकतं. त्याचा हात जड आहे, त्यामुळे मी ते क्वचितच काढते. मेट्श्निकोविया पुल्चेरिमाचं कौतुक वेगळ्या कारणासाठी. फळातली बरीचशी सुगंधी द्रव्यं साखरेच्या रेणूला बांधलेली असतात, आणि बांधलेल्या रेणूला वास नसतो. हे यीस्ट ती गाठ सोडवणारं विकर पेशीबाहेर सोडतं. सॅकरोमायसिसला ते काम फारसं जमत नाही.

पण शिझोसॅकरोमायसिस सोडलं तर यांच्यापैकी एकालाही सहसा शेवटपर्यंत पळता येत नाही. हॅन्सेनियास्पोरासारखं यीस्ट 4-5 टक्के अल्कोहोलला माना टाकतं, तोरुलास्पोरा आणखी थोडं पुढे जातं. साखर अर्धवट सोडून ते निजले तर टाकी बॅक्टेरियांच्या हवाली होते. म्हणून जोडी लावायची ती एकामागून एक. आज रात्री तोरुलास्पोराचं विरजण, टाकी 18-20 अंशांवर, आणि 48 तासांनी सॅकरोमायसिस. दोन्ही एकदम घातली तर सॅकरोमायसिस दुसऱ्याला डोकं वर काढू देत नाही. नुसतं वेगाने वाढून नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला मारणारे छोटे पेप्टाइड सोडून, आणि पेशीला पेशी भिडली की तेवढ्यानेही. फार उशीर केला तर नखरंगाचा धोका. 48 तास हे काही वेदवाक्य नव्हे, पण आमच्या टाक्यांना ते मानवलं आहे.

या पद्धतीची खरी मेख नत्रात आहे, आणि लोक फसतात ते इथे. पहिलं यीस्ट दोन दिवसांत रसातलं नत्र आणि थायमिन चाटूनपुसून खातं. दुसरं येतं तेव्हा ताट रिकामं. उपाशी सॅकरोमायसिस मग गंधकाच्या वाटेला जातं आणि टाकीतून सडक्या अंड्याचा वास सुटतो. द्राक्षात हे होतंच, पण जांभळात आधीच चणचण, त्यामुळे हमखास होतं. उपाय महाग नाही. अमोनियम फॉस्फेट आणि जीवनसत्त्वांचं यीस्टचं खाद्य सुरुवातीला सगळं न ओतता दोन हप्त्यांत द्यायचं, आणि मोठा हप्ता दुसऱ्या यीस्टबरोबर. सल्फाइटचंही तसंच. रसात लिटरमागे 50 मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस टाकला तर रानटी गर्दी दबते, पण आपण विकत आणलेलं नाजूक यीस्टही दबतं. आम्ही 30 च्या आसपास राहतो आणि बाकीची भिस्त फळ निवडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांवर ठेवतो.

इतकं करूनही जांभूळ हे जांभूळच राहतं. यीस्ट फळात नसलेली वस्तू आणून देऊ शकत नाही, फार तर असलेली वस्तू नीट मांडू शकतं. तिथे दुसरा उपाय लागतो.

कोकणाला मिश्रणाची सोय आहे आणि अडचणही आहे. काजूची बोंडं फेब्रुवारी ते मे, करवंदं आणि कोकम एप्रिल-मे, जांभूळ मेअखेर ते जून. पहिला पाऊस पडला की कोकम काळं पडतं. म्हणजे रस एकत्र आंबवायचे तर आधीच्या फळाचा गर शीतगृहात गोठवून ठेवावा लागतो, आणि विजेचं बिल बघून मालक विचारतात, “आंबवायचं कधी?” त्यापेक्षा एकेक वाइन वेगळी करून ठेवणं आणि हिवाळ्यात ती एकमेकींत मिसळणं सोपं. चुकलं तर शंभर मिलिलिटर जातं, हजार लिटर नाही. अपवाद कोकमाचा. कोकमाचा रस इतका आंबट की त्यात यीस्ट नीट उगवतच नाही. पाच-सहा पट पाणी घालून वाइन करता येते, पण ती पाणचटच होते. कोकम हे स्वतंत्र वाइनचं फळच नव्हे असं माझं मत आहे. ते जोडीचं फळ आहे. आम्ही ताज्या फळाचा बिनमिठाचा रस गोठवून ठेवतो. घरचं आगळ इथे चालत नाही, त्यात मीठ असतं.

मिश्रणाचं टेबल म्हणजे काही मोठी प्रयोगशाळा नव्हे. शंभर मिलिलिटरचं काचेचं नळकांडं, एक पिपेट, पांढरा कागद, पाण्याचा तांब्या, चुरमुरे. पहिल्या पेल्यात नुसती जांभळाची वाइन, पीएच 3.8, रंग काळपट जांभळा. दुसऱ्यात 98 मिलिलिटर जांभूळ आणि 2 कोकम. तिसऱ्यात 97 आणि 3. तिसऱ्या पेल्याशी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर रंग पालटतो, काळपट जांभळ्याचा माणकासारखा लाल होतो. नवा रंग घातलेला नसतो म्हणावं इतकं कोकम कमी आहे. जांभळातली अँथोसायनिनं आम्ल वाढलं की लाल होतात आणि आम्ल उतरलं की निळ्याकडे झुकतात, एवढंच. घरी जांभळाच्या रसात लिंबू पिळून बघा. चवीतही फरक लगेच कळतो. आधी गोडसर-तुरट असा सपाट पसरलेला घोट मधोमध उभा राहतो. 5 मिलिलिटरला मात्र सोलकढी आठवायला लागते, आणि तिथे थांबायचं.

मग काजूच्या बोंडाची वाइन. बोंडाचा रस घशाला खवखवतो. तो आंबवण्याआधी लिटरमागे 5 ग्रॅम साबुदाणा शिजवून, थंड करून त्यात घालतात. टॅनिन साबुदाण्याला चिकटून तळाशी बसतं. निवळ रसाची वाइन वासाला झणझणीत होते, अननस आणि पिकल्या बोंडाच्या मधली. जांभळाच्या वाइनला नाकच नसतं, ते इथून मिळतं. आठ-दहा टक्क्यांपर्यंत सुंदर. त्यापुढे गेलं की विक्रीवाले पेला हुंगून म्हणतात, “यात फेणी पडली काय?”

इथे एक तिढा आहे. आम्लता सरासरीने मोजता येते, म्हणजे दोन वाइन अर्ध्या-अर्ध्या मिसळल्या तर आम्लता साधारण मधली येते. पीएच तसा वागत नाही. तो प्रत्येक मिश्रणात नव्याने मोजावाच लागतो, कागदावरचा हिशेब टाकीत खोटा पडतो. आणि मिसळलेली वाइन त्याच दिवशी पिऊन निर्णय घेऊ नये. जांभळाचं टॅनिन आणि काजूच्या वाइनमधली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी बाटलीच्या तळाला ढगाळ साका बसतो. आम्ही प्रत्येक मिश्रणाची एक बाटली फ्रिजात आणि एक उन्हाच्या खिडकीत ठेवतो. दोन्ही निवळ राहिल्या तरच पुढे.

चाखायला आम्ही सकाळी अकराला बसतो, जेवणाआधी. तीन पेले, दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. ओळखताच आलं नाही तर त्या फरकासाठी कोकम खर्च करण्यात अर्थ नाही. मग पसंती. मागच्या हिवाळ्यात मला ज्या मिश्रणाचा फार अभिमान वाटत होता ते मामांनी दोनदा चाखलं, वास घेतला आणि म्हणाले, “बरा आसा. पण जांभूळ खंय गेला?” मिश्रणाची मर्यादा इतक्या थोडक्यात मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. काजू पंधरावरून आठ टक्क्यांवर आणला.

दोन गोष्टी मिश्रणाने कधीच होत नाहीत, आणि तरी सगळीकडे केल्या जातात. पहिली, बिघडलेली वाइन चांगल्या वाइनमध्ये खपवणं. नखरंगाचा किंवा व्हिनेगरचा वास पातळ होतो, जात नाही. शिवाय व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया चांगल्या टाकीत पाहुणे म्हणून जातात आणि घरमालक होतात. जिल्ह्याबाहेरून एकाने अशी एक बाटली तपासायला आणली होती. करवंदाची आंबलेली वाइन अननसाच्या वाइनमध्ये ओतलेली. दोन्ही गेल्या होत्या. दुसरी, गोडी राखलेली वाइन यीस्ट जिवंत असलेल्या वाइनमध्ये मिसळून सरळ बाटलीत भरणं. अमृत कोकम घातलं तरी तेच, कारण तो शेवटी साखरेचा पाक. बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं, बुचं उडतात, कधी काच फुटते. गोड मिश्रण करायचं तर बारीक फिल्टरमधून यीस्ट काढून टाकायचं आणि वर सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही द्यायचं. सॉर्बेट एकटं देऊ नये. लॅक्टिक बॅक्टेरिया ते खातात आणि वाइनला चुरडलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास येतो, तो कशानेही निघत नाही.

यंदाचा लॉट तोरुलास्पोराने सुरू केलेल्या टाकीचा आहे, तीन टक्के कोकम, आठ टक्के काजू. अर्धा सुका ठेवला, अर्धा विक्रीवाल्यांच्या आग्रहाखातर गोड केला. सुका लॉट जास्त चांगला आहे, गोड जास्त खपेल. पालघरच्या बहाडोली जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून विक्रीवाल्यांना लेबलावर फक्त मोठ्या अक्षरांत ‘जांभूळ’ हवं आहे. कोकम आणि काजू ही नावं बाटलीवर असलीच पाहिजेत, हा माझा हट्ट. ज्यामुळे वाइन सुधारली ते लपवायचं कशाला? तूर्त ती दोन नावं मागच्या लेबलावर आली आहेत. पुढच्या लेबलावरून भांडण चालू आहे.